पिंजरावर (भाताच्या पेंढ्यावर) अळंबी वाढवून थर्माकोलला पर्याय? आपल्या भागात कोणी केलंय का?

जांबोटीचा_बाबू

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडे आमचं घर. भातशेती, आणि तीन वर्षांपासून धिंगरी अळंबी. पिंजर कापायचं, रात्रभर भिजवायचं, गरम पाण्यातून काढायचं, निथळलं की बियाणं मिसळून पिशव्या भरायच्या, हे आता घरात सगळ्यांच्या हातात बसलंय. दोन-तीन तोडे झाले की पिशवी फाडायची आणि बेड खताच्या खड्ड्यात.

गेल्या महिन्यात एक नवी भरलेली पिशवी कोपऱ्यातल्या बुट्टीत (टोपलीत) ठेवली ती तशीच राहिली. पंधरा-वीस दिवसांनी आईला बुट्टी हवी होती म्हणून उपडी केली, तर आतून पिंजराचीच बुट्टी निघाली. पांढरी स्वच्छ. कड धरून उचलली तरी एक काडी सुटेना. चुलीवरच्या माळ्यावर चार दिवस ठेवल्यावर वाळून इतकी हलकी झाली की धाकटीने ती टोपी म्हणून डोक्यावर घातली आणि दिवसभर काढली नाही.

माझे मेव्हणे खानापुरात कुंड्या आणि माठ करतात. माल पुण्याला जातो तो थर्माकोलचे तुकडे आणि गवत कोंबून, तरी वाटेत फूट होतेच. मी त्या पिंजराच्या बुट्टीत त्यांची एक कुंडी बसवून बघितली. तिच्या मापाने शिवल्यासारखी बसली. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही.

आपल्याकडे हे कोणी करून पाहिलंय का? जांबोटी-कणकुंबीच्या पावसात टिकेल का? आणि वाटेत खोक्यातच अळंबी उगवली तर काय करायचं?

टिळकवाडी_सूक्ष्मदर्शक

बाबू, फार छान निरीक्षण. मी पस्तीस वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, पण असा नमुना वर्गात आणून दाखवायला मला कधी मिळाला नाही.

बुरशीचे तंतू काडीत शिरतात, पाचक रस सोडून ती पोखरतात, आणि एका काडीतून दुसरीत जाताना दोघींना टाके घालत जातात. तंतूंच्या भिंतीत कायटिन असतं. खेकड्याच्या कवचातही तेच. म्हणून वाळल्यावर टणकपणा येतो. अमेरिकेतली इकोव्हेटिव्ह नावाची कंपनी २००७ पासून याच कामावर उभी आहे. पिकांचा भुसा साच्यात भरतात, काही दिवसांत तंतू साचा भरून टाकतात, मग उष्णता देऊन बुरशी मारतात आणि वस्तू तयार. डेलसारख्या मोठ्या संगणक कंपनीने आपला माल अशा पॅकिंगमधून पाठवलेला आहे.

तुमच्या प्रश्नांबद्दल. अळंबी उगवू नये म्हणून नीट भाजावं लागेल, उन्हात वाळवणं पुरणार नाही. उन्हात बुरशी झोपते, मरत नाही. ओल मिळाली की उठते. सत्तर-ऐंशी अंशांत काही तास आतपर्यंत उष्णता पोचली पाहिजे. पावसाचं म्हणाल तर वरची पांढरी कातडी पाणी बरंच झटकते, पण ती जिथे फाटेल तिथून पिंजर पाणी ओढणारच. खोक्याच्या आत चालेल, उघड्यावर नाही.

आणि एक. तोडे झालेला बेड यासाठी वापरू नका. त्यातलं सत्त्व बुरशीने खाऊन अळंबीत घातलेलं असतं, तो चुरतो. पिशवी पूर्ण पांढरी झाली आणि अजून एकही कळी फुटली नाही, तेव्हा ती फोडून साच्यात भरायची.

वडगावकर_सतीश

बुट्टी वेताची की प्लास्टिकची?

जांबोटीचा_बाबू

प्लास्टिकची. वेताची असती तर बुट्टीसकट एकच झालं असतं असं आई म्हणाली.

टिळकवाडी_सूक्ष्मदर्शक

आईंचं बरोबर आहे. धिंगरी लाकूडही खाते, वेत सोडणार नाही.

शहापूरची_काकू

मला तुमचं शास्त्र कळत नाही, पण वाचताना आंबील आठवली. आमच्याकडे सौंदत्तीच्या रेणुकेला आंबिलीचा नैवेद्य असतो. सासूबाईंनी आंबिलीसाठी एक मडकं वेगळं ठेवलेलं. त्याला साबण लावायचा नाही, राख नाही, नुसत्या पाण्याने धुऊन उपडं घालायचं. त्या मडक्यात रात्री पीठ कालवलं की सकाळी आंबून तयार. ते फुटल्यावर मी स्टीलच्या डब्यात करायला लागले तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आंबट होईना, आणि झाली तरी तो वास नाही. नवं मडकं आणलं, त्यालाही सात-आठ वेळा आंबील घालावी लागली, तेव्हा कुठे ते लागीला लागलं.

म्हणजे ते जिवाणू मडक्यातच राहायला होते ना?

टिळकवाडी_सूक्ष्मदर्शक

होय काकू. झिलई न केलेल्या मडक्याच्या अंगाला बारीक छिद्रं असतात, त्यात आदल्या आंबिलीतले लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू टिकून राहतात. सात-आठ वेळा आंबील घालून तुम्ही त्यांना तिथे वस्तीला बसवलंत. स्टीलला छिद्रंच नाहीत, मग दर वेळी पिठाबरोबर आणि हवेतून येतील तेवढ्यांवर भागवायचं.

गुऱ्हाळ_चिकोडी

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका.

अशा प्रत्येक लेखात एक वाक्य असतं, "शेतातल्या टाकाऊ कचऱ्यापासून". शेतात टाकाऊ काय असतं ओ? भाताचं पिंजर जनावर खातं. आमच्या गुऱ्हाळात चिपाडं काहिलीखालच्या जाळाला जातात. कारखान्यातलं बगॅस बॉयलरला जातं, त्यावर वीज होते. मळीला डिस्टिलरी बसलेलीच आहे, तिथेही यीस्टच कामाला आहे. प्रत्येक गोष्टीला आधीच कोणीतरी खाणारा आहे. तुम्ही पॅकिंगसाठी पिंजर उचललंत तर उन्हाळ्यात चाऱ्याचा भाव काय होणार?

जांबोटीचा_बाबू

राग कसला, खरं आहे. आमच्याच घरी दोन म्हशी आहेत. अळंबीसाठी पिंजर बाजूला काढतो तेव्हा वडील मोजून देतात.

मलप्रभेकाठी

गुऱ्हाळदादा, उसाचं पाचट मात्र आजही फडात पेटवतात. चिकोडी-रायबागकडे तोडणी झाली की रात्री लांबून जाळ दिसतात. त्याला खाणारा कोण?

गुऱ्हाळ_चिकोडी

पाचट जाळू नये हे मान्य. मी पाच वर्षांपासून सरीत कुट्टी करून सोडतो, जमीन मऊ राहते. पण जो पेटवणारच आहे त्याच्याकडून उचला, तिथे माझा विरोध नाही. पाचटावर धिंगरी येते का?

टिळकवाडी_सूक्ष्मदर्शक

येते. बारीक कापून घ्यावं लागतं, बाकी रीत तीच.

अथणीकर_पायताण

आम्ही तीन पिढ्या चप्पल करणारे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. त्यात बेळगाव आहे. हे इथल्याच पुष्कळ लोकांना ठाऊक नसतं म्हणून सांगितलं.

माझा पुतण्या पुण्यात डिझाइन शिकतो. त्याने चहा-साखरेच्या पाण्यात जिवाणूंची साय वाढवून तिचं "कातडं" आणलं. मी हातात घेऊन बघितलं. ओलं असताना नारळातल्या मलईसारखं, बोटातून निसटणारं. फळीवर ताणून वाळवलं की पापडासारखं कडक. ग्लिसरीन लावल्यावर मऊ झालं, उजेडात धरलं तर मधाच्या रंगाचं, सुंदर दिसत होतं. मी त्याची वेणी घालून एका जोडाला वरचा पट्टा केला. पुतण्याने घालून फिरवली. दुसऱ्या दिवशी पायाच्या घामाने पट्टा सैल पडला आणि वेणी ताणून लांब झाली.

आमचं म्हशीचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कितीतरी दिवस मुरतं, तेव्हा ते पायाला, पाण्याला, उन्हाला उभं राहतं. त्या सायीला कोणी मुरवलंय? वाढवून काढली, वाळवली, झालं. माझं म्हणणं इतकंच की पिकवणं आणि कमावणं ही दोन वेगळी कामं आहेत. पिकवणं पोरं शिकलीत, कमावणं अजून कोणी शिकलेलं दिसत नाही.

आणि "कातड्याला पर्याय" असं मोठ्या अक्षरात वाचलं की पोटात गोळा येतो, हेही लिहून ठेवतो. या धंद्यावर आमच्या गल्लीतली चाळीस घरं जेवतात.

टिळकवाडी_सूक्ष्मदर्शक

अथणीकर, "पिकवणं आणि कमावणं" हे मी माझ्या वहीत लिहून घेतलं.

ती साय म्हणजे जिवाणूंनी विणलेलं शुद्ध सेल्युलोज, कापसाच्या धाग्यात असतं तेच. ब्राउन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये तिचं वर्णन केलं होतं. फिलिपिन्समध्ये नारळपाण्यावर तीच वाढवून चौकोनी तुकडे करून पाकात खातात, नाटा दे कोको म्हणतात. आणि केरळात मलाई नावाची कंपनी नारळपाण्यावरच्या याच सायीत केळीच्या खांबाचे आणि इतर धागे मिसळून पिशव्या-पाकिटांसाठी पत्रा करते. धागे मिसळणं ही त्यांची कमावण्याचीच एक रीत म्हणायची. तरी पाकीट वेगळं आणि पायताण वेगळं. सेल्युलोजला पाण्याची ओढ जन्मजात आहे. धोतर भिजतं तसंच हेही भिजणार.

अथणीकर_पायताण

पुतण्याला सांगतो पुढची साय हिरड्याच्या पाण्यात ठेवून बघ म्हणून. कुंड आमच्याकडे आहेच.

बैलहोंगलची_सोयाबीन

खाण्याकडे येऊ का? आमच्या भागात सोयाबीन उदंड, आणि सगळं तेलाच्या गिरणीला. मी दोन वर्षांपासून घरी टेंपे करते. मूळ जावा बेटावरचा प्रकार. सोयाबीन भिजवून, चोळून सालं काढायची, शिजवायचं, फडक्यावर अगदी कोरडं करायचं, चमचाभर व्हिनेगर, मग रायझोपस बुरशीचं बियाणं चोळून, भोकं पाडलेल्या पिशवीत दोन बोटं जाडीचं थापायचं. तीस अंशांच्या आसपास ऊब हवी. थंडीत मी वाकळीत गुंडाळून ठेवते. बारा-पंधरा तासांनी गंमत अशी की ते आपणहून तापायला लागतं, तेव्हा वाकळ काढायची, नाहीतर स्वतःच्याच उष्णतेने मरतं. दुसऱ्या दिवशी पांढरी घट्ट वडी. सुरीने कापली तर दाणा दाण्याला धरून.

बाबूंची बुट्टी वाचली आणि वाटलं, हे तर माझं टेंपेच! एकाने पिंजर शिवलं, एकाने सोयाबीन.

तिखट-मीठ लावून तळायचं, भाकरीबरोबर फार छान लागतं. माझ्या सासऱ्यांनी पहिल्यांदा "बुरशी लागलेलं खायला घालतेस?" म्हणून ताट सरकवलं होतं. आता तेच विचारतात, परवाचं संपलं का.

निपाणीची_लेक

ताई, कोणतीही बुरशी चालत नाही हे ठळक लिहा बरं. कोणीतरी डब्यात विसरलेलं सोयाबीन तळून खाईल.

बैलहोंगलची_सोयाबीन

बरोबर. पांढरी हवी. भोकांजवळ काळे-करडे ठिपके आले तर ती त्याच बुरशीची बीजं, चालतं. हिरवा, गुलाबी, नारिंगी रंग दिसला किंवा चिकट होऊन कुजका वास आला तर सरळ खड्ड्यात. आणि शेंगदाण्यावर आलेली हिरवी-पिवळी बुरशी तर पुसून, भाजूनसुद्धा खाऊ नका, तिचं विष भाजल्याने जात नाही.

बसदीच्या_गल्लीतून

आम्ही जैन. घरात अळंबी येत नाही, आणि आदल्या दिवशीचं आंबवलेलं पीठही चालत नाही. त्यामुळे टेंपे आमच्यासाठी नाही, ते ठीक आहे. पण बाबूंच्या पॅकिंगचा विचार करत बसलोय. माठ उद्या आमच्या घरी या पांढऱ्या साच्यातून आला तर आम्हाला कळणार कसं? वर "बुरशी मारतात" हे सहज लिहिलंय. तुम्हाला ते सहज आहे, मला नाही. विरोध करत नाही. थर्माकोल ओढ्यात किती वर्षं पडून राहतं आणि त्याने किती जीव जातात, तेही मला दिसतं. फक्त घेणाऱ्याला आधी कळावं.

जांबोटीचा_बाबू

दादा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खोक्यावर मराठीत आणि कन्नडमध्ये स्पष्ट छापतो, की हे अळंबीच्या तंतूंनी बांधलेलं आहे. ज्यांना नको त्यांना गवतात बांधून देऊ.

वडगावकर_सतीश

मोठ्या कंपन्यांचं खाणंही असंच येतंय का? बुरशीचं मांस वगैरे वाचलं होतं.

टिळकवाडी_सूक्ष्मदर्शक

क्वॉर्न. इंग्लंडमधल्या मातीत सापडलेली एक बुरशी टाकीत वाढवून तिचे तंतू दाबून करतात, १९८५ पासून बाजारात आहे. तंतू लांब असल्याने चावताना मांसासारखं लागतं. नव्या दिशेला आता जनुक बदललेले सूक्ष्मजीव आहेत. त्याची भीती वाटणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की मधुमेहाचं इन्सुलिन १९८२ पासून तसंच येतंय, आणि चीज विरजायला वासराच्या जठरातलं जे रेनेट लागायचं तेही १९९० पासून सूक्ष्मजीवांकडून करून घेता येतं. शाकाहारी लोक चीज खाऊ शकतात ते अशा रेनेटमुळे.

निपाणीची_लेक

माझा अनुभव सांगते. दिराच्या लग्नाला आम्ही हौसेने "मातीत विरघळणारे" कप आणले, जिवाणूंनी साखरेपासून केलेलं प्लास्टिक म्हणून दुप्पट भावाने. जेवणं झाल्यावर सगळे कप शेणखताच्या उकिरड्यात घातले. वर्षाने खत शेतात ओढलं तर कप जसेच्या तसे, कड धारदार. सासरे एक एक वेचून काढत होते आणि मी मान खाली घालून बघत होते. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, मॅडम, पाकिटावर लिहिलंय ना.

टिळकवाडी_सूक्ष्मदर्शक

ते पीएलए असणार. साखर खाऊन जिवाणू लॅक्टिक आम्ल करतात (काकूंच्या आंबिलीतलंच आम्ल), आणि त्याच्या साखळ्या जोडून कारखान्यात प्लास्टिक. ते विरघळायला साठ अंशांच्या आसपासची उष्णता सलग लागते. आपल्या उकिरड्यात एवढी ऊब टिकत नाही. त्याचे ढीग वेगळे लावावे लागतात आणि तसे मोठे प्रकल्प आपल्याकडे जवळपास नाहीत. पीएचए म्हणून दुसरा प्रकार आहे, तो जिवाणू स्वतःच्या पोटात चरबीसारखा साठवतात. लेमॉइन यांनी १९२६ मध्ये शोधला. तो साध्या मातीतही कुजतो, पण महाग पडतो.

नंदगडचा_वीटभट्टीवाला

न भाजता वीट होते म्हणे जिवाणूंनी? बंगळूरच्या संस्थेचं कुठेतरी वाचलं. भट्टीला लाकूड आणि कोळसा घालून घालून आम्ही मेटाकुटीला आलोय.

टिळकवाडी_सूक्ष्मदर्शक

भारतीय विज्ञान संस्था आणि इस्रो, २०२०. चंद्रावरच्या मातीसारखी केलेली माती, युरिया, गवारीचा डिंक आणि एक जिवाणू. तो युरिया फोडतो, त्यातून चुनखडीचे कण तयार होऊन मातीला धरतात. प्रयोगशाळेत झालं. पण युरिया फुटताना अमोनिया निघतो, तो कुठे सोडायचा हा प्रश्न आहेच. आणि लाखाच्या हिशेबात विटा लागतात तिथे युरियाचा खर्चही बघा. तुमची भट्टी उद्या बंद पडणार नाही.

नंदगडचा_वीटभट्टीवाला

बंद पडावी असंच वाटतं मला, सर. पोराला दम्याचा त्रास आहे.

टिळकवाडी_सूक्ष्मदर्शक

समजलो. त्या प्रयोगांचं जे काही वाचायला मिळेल ते तुम्हाला मराठीत लिहून पाठवतो.

बाबू, दम्यावरून आठवलं. अळंबीच्या खोलीत तोंडाला मास्क लावताय ना? धिंगरी मोठी होऊ दिली की बीजांचा धूर सोडते, रोज श्वासात गेला तर छातीला त्रास होतो. आईंना आणि मुलीला त्या खोलीत मोकळं जाऊ देऊ नका.

जांबोटीचा_बाबू (पाच आठवड्यांनी)

मंडळी, उशिरा आलो, पण हिशेब घेऊन आलो.

पहिली खेप पूर्ण गेली. बारा साचे भरले, चौथ्या दिवशी सगळ्यांवर हिरवा थर. खूप डोकं खाजवलं. मग दिसलं, धाकटा भाऊ शेडच्या मागच्या पडवीत आल्याच्या शेतासाठी शेणखतात ट्रायकोडर्मा या बुरशीची पावडर कालवत होता. शेतात आल्याची मूळकुज तीच थांबवते, तिच्यासाठी आम्ही पैसे मोजतो. आणि तीच उडून शेडमध्ये आली की माझी धिंगरी खाते. भावाची चूक काही नाही, मलाच समजायला हवं होतं. आता खताचं काम विहिरीपलीकडे, आणि तिकडून आलेला माणूस हातपाय धुऊन कपडे बदलल्याशिवाय आत येत नाही. मास्क सगळ्यांना.

दुसऱ्या खेपेला निम्मं पिंजर, निम्मं पाचट घेतलं. पाचट गुऱ्हाळदादांनी चिकोडीहून टेंपोत फुकट टाकून दिलं, त्यांचे आभार. पाचटाचे साचे पिंजरापेक्षा कडक झाले, पण कोपऱ्यात नीट भरत नाहीत, पोकळी राहते.

भाजायचा प्रश्न मेव्हण्यांनी सोडवला. मडक्यांची भट्टी विझल्यावर दोन दिवस गरम राहते. माल काढला की आत थर्मामीटर ठेवायचा आणि ऐंशीवर काटा आला की साचे आत लावून तोंड बंद करायचं. वेगळं जळण शून्य. रात्रभरात खडखडीत, आणि वास भाजलेल्या पावासारखा.

दहा कुंड्या पुण्याला गेल्या. नऊ धड, एकीची कड उडाली, तीही पाचटाच्या पोकळ कोपऱ्याजवळची. एक न भाजलेला साचा मुद्दाम ओल्या पोत्यात ठेवला होता, त्याला आठव्या दिवशी कळ्या आल्या. भाजलेल्याला अजून काही नाही. भाजलेला एक पागोळीखाली ठेवलाय: तीन दिवस पाणी झटकलं, चौथ्या दिवशी तळ मऊ झाला, आता गांडुळं लागलीत.

आता अडचण साच्यांची. टोपल्या-डबे कुंड्यांच्या मापाचे मिळत नाहीत. मातीचे साचे केले तर तंतू छिद्रांत शिरून चिकटतात, काकूंच्या मडक्यासारखं. प्लास्टिकचे साचे बाहेरून करून घ्यायचे तर परवडत नाहीत.

उद्यमबाग_फौंड्री

बाबूराव, हा धागा पहिल्यापासून वाचतोय, आता बोलतो. आमच्याकडे कास्टिंगसाठी लाकडी पॅटर्न करणारे कारागीर आहेत. मेव्हण्यांची एक कुंडी आणि एक माठ घेऊन या, पॅटर्न करू, त्यावर पातळ फायबरचा साचा ओढू. गुळगुळीत असतो, चिकटणार नाही, पन्नास-साठ वेळा सहज चालेल. चार अंश ढाळ ठेवावा लागेल, नाहीतर माल सुटताना फाटेल.

माझाही स्वार्थ आहे. पंपाचे इम्पेलर (आतली पात्यांची चाकं) आम्ही थर्माकोलमध्ये पाठवतो. एकाचं वजन सव्वादोन किलो, पाती बाहेर आलेली. तुमचा साचा तेवढं वजन पेलेल का?

जांबोटीचा_बाबू

माहीत नाही. रविवारी कुंड्या घेऊन येतो, येताना एक इम्पेलर द्या.

शहापूरची_काकू

उद्यमबागेत येताय तर घरी जेवूनच जा. आणि एक मडकं आणा माझ्यासाठी, पुण्याला न गेलेलं.